एका पंगतीचा प्रश्न

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या चर्चमध्ये रविवारी आत शिरताना कुणी जात विचारत नाही. एकाच बाकावर अहमदनगरकडून (आताचं अहिल्यानगर) आलेलं कुटुंब असतं, शेजारी एखाद्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळ मराठी कॅथलिक समाजातल्या, आजी असतात, मागे केरळची नर्स असते. हे आज इतकं सवयीचं झालंय की ते कधीकाळी भांडून ठरवावं लागलं होतं, हे आठवत नाही. आणि हे भांडण पुन्हा पुन्हा झालं ते जेवणावरून. कोण कुणाच्या पंगतीला बसणार, प्रश्न एवढाच असायचा.

सुरुवात नव्या करारातच आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही यहूदी मंडळी आली आणि तो त्या पंगतीतून हळूच उठला. पौलाने सर्वांसमोर त्याला धारेवर धरलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे, आणि यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद ख्रिस्ताच्या ठायी नाही, हे वचन लगेच पुढच्या अध्यायात. ते वचन आपण भिंतीवर लावतो, पण त्याच्या आधी ताटावरून उठलेला एक मोठा प्रेषित आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. करिंथातही तेच. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला, श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत.

आपल्याकडे पोर्तुगीज आले, 1534 मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली, पुढे साष्टी आणि ठाणे परिसरात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. पण जाती मोडल्या नाहीत. कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी हे गट बाप्तिस्म्यानंतरही राहिले आणि लग्नं पिढ्यान् पिढ्या गटातल्या गटात होत राहिली. 1737 साली मराठ्यांनी ठाणे घेतलं, सत्ता गेली, तरी ही वीण तशीच राहिली.

ठाण्यातल्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण 1825 मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झालं. हेबर पुढच्याच वर्षी दक्षिणेत गेले. तंजावरकडच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, शूद्र आणि अस्पृश्य ठरवलेले ख्रिस्ती वेगवेगळे बसत, प्रभुभोजनाला वरच्या जातीचे आधी जात. जात ही सामाजिक रीत आहे, श्रद्धेला धक्का नसेल तर सांभाळून घ्यावी, असा हेबर यांचा कल होता. निर्णय होण्याआधीच, 3 एप्रिल 1826 ला, त्रिचनापल्लीत त्यांचं निधन झालं. हेबर मायाळू आणि अभ्यासू होते, म्हणूनच त्यांचा हा कल मला बोचतो. चांगल्या माणसालाही इथे पाऊल उचलवलं नाही.

काही वर्षांनी कलकत्त्याचे बिशप झालेले डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये पत्र काढलं: जातिभेद निश्चयाने, ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे. परिणामही ताबडतोब झाला. मद्रासच्या वेपेरी भागात आणि तंजावरात लोक मंडळी सोडून गेले. एका बाकावर बसण्यापेक्षा चर्च सोडणं त्यांना सोपं वाटलं.

मराठी मुलखात हा प्रश्न अमेरिकन मराठी मिशनपुढे आला. मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले, नंतर नगरला स्थिरावले. तिथे महार, मांग समाजातले पुष्कळ लोक मंडळीत आले आणि काही ब्राह्मणही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण घरात काय झालं ते पाहायचं तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राकडे जावं लागतं. नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी सांभाळलं. ते एका प्रवचनाने सुटलं नाही. वर्षं लागली, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो’ म्हणणाऱ्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी. एका पंगतीची कल्पना त्यांनी मंडळीच्या दाराबाहेर नेली.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. 1970 मध्ये सिडको आली, सेक्टर पडले, आणि शेजारी कोण हे सोडतीने ठरलं. आगरी-कोळी गावांच्या शेजारी जी नवी वसाहत उभी राहिली, तिच्यात खानदानी बाक नव्हतेच.

तरी जात संपली, असं कुणी म्हणू नये. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. आणि 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतच जातिभेद आहे हे लेखी कबूल केलं. विल्सनच्या पत्राला तेव्हा 183 वर्षं झाली होती.

आमच्याकडे स्थळ पाहताना अजूनही आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोबा कुठल्या वस्तीत राहायचे ते.