काट्याची स्प्रिंग ताणली गेली, पण सैल पडली नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत अमळनेरकडच्या एका शेताच्या बांधावर वाद झाला. निंबाला टांगलेल्या पन्नास किलोच्या स्प्रिंग काट्याला दुपारी कुणाचं तरी पोरगं उडी मारून लोंबकळलं होतं. संध्याकाळी गाठोडी मोजायला घेतली, तर रिकामा काटाच तीन किलो दाखवत होता. "हाऊ काटा आते काही कामना नही," मालक म्हणाले. स्प्रिंग सैल पडली, आता किलोकिलोमागे वजन फुगवून दाखवणार, असा त्यांचा हिशेब. वेचणाऱ्या बाया म्हणत होत्या, तीन किलो वजा करा आणि मोकळे व्हा. मजुरी किलोवर ठरलेली. एकाने तर काटा शनिवारी घेतला होता, लोखंड लाभलं नाही, असंही सुनावलं. लोखंडाला वार कळत नाही. त्याला कळतो फक्त ताण.

आम्ही रिकामी बादली अडकवली, काटा चारवर गेला. मापून वीस लिटर पाणी ओतलं, काटा चोवीसवर. फरक बरोबर वीस. बाया बरोबर होत्या.

स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या प्रमाणात ती मागे खेचते, हा रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो एका मर्यादेपर्यंतच चालतो. झटक्याने टाकलेला भार स्प्रिंगला क्षणभर दुप्पट ओढतो, म्हणून पस्तीस किलोचं पोरगंही पन्नासच्या काट्याला भारी पडतं.

मर्यादेपलीकडे काय होतं? पोलादात अणू रांगांनी बसलेले असतात. थोडं ताणलं की त्यांच्यातली अंतरं किंचित बदलतात आणि सोडल्यावर पूर्ववत होतात. जास्त ताणलं की रांगा एकमेकींवरून सरकतात. पण अख्खी रांग एकदम सरकवायला जितका जोर लागेल असं गणित सांगतं, त्याच्या हजारपट कमी जोरातही शुद्ध धातूचे स्फटिक वाकतात. हे कोडं 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवलं. रांगांमध्ये जागोजागी चुका असतात, कुठे एखादी रांग मध्येच संपलेली असते. या चुकीला डिसलोकेशन म्हणतात. कपाशीवरची उंटअळी आठवा. ती सगळं अंग एकदम ओढत नाही, पाठीचा एक बाक पुढे सरकवते आणि तेवढी पुढे जाते. डिसलोकेशन तसंच चालतं, एका वेळी थोडेच अणू जागा बदलतात. चूक या टोकाहून त्या टोकाला पोचली की अख्खी रांग एक घर पुढे गेलेली असते, आणि तिला परत आणणारं कुणी नसतं. शिवाय ताणाखाली या चुका वाढतात, एकमेकींत अडकतात, आणि पुढचं सरकणं अवघड होतं. म्हणजे ताणलेली तार उलट कडक होते, पुन्हा कायमची वाकायला तिला जास्त जोर लागतो!

स्प्रिंगमध्ये आणखी एक गंमत आहे. स्प्रिंग लांबते तेव्हा तिची तार लांबत नसते, ती पिळली जाते. पीळ तारेच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि गाभ्यात शून्य. त्यामुळे आधी बाहेरचा थर सरकतो, गाभा शाबूत राहतो. भार काढल्यावर गाभा मूळ जागी जाऊ पाहतो, सरकलेला थर अडवतो, आणि दोघांच्या ओढाताणीत स्प्रिंग मधल्याच लांबीवर थांबते. आपले तीन किलो तिथे आले. दाबाच्या स्प्रिंगा बनवणारे कारखानदार तर हे मुद्दाम करतात. नवी स्प्रिंग एकदा मर्यादेपलीकडे दाबून ठेवली की आत कोंडलेला ताण पुढे त्याच दिशेच्या भाराला तोंड देतो.

मग किलोमागे स्प्रिंग किती लांबते हे ठरवणारा ताठरपणा का बदलला नाही? तो ठरतो अणूंमधल्या बंधांच्या बळावर, तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर. जाडीचा तर चौथा घात येतो. तार दहा टक्के बारीक असती, तर स्प्रिंगचा ताठरपणा साधारण एक तृतीयांशाने घटला असता. पण इथे तार तेवढीच जाड, वेढे तेवढेच, आणि रांगा सरकल्या तरी शेजारी अणूंमधले बंध पूर्वीसारखेच. शून्याची जागा तेवढी हलली. वेटोळी उघडून तार सरळ होईपर्यंत ओढली असती तर मात्र हे काही लागू पडलं नसतं.

त्या संध्याकाळची मजुरी तीन किलो वजा करून दिली गेली. काटा मात्र दुरुस्त करून वैधमापन खात्याकडून पुन्हा पडताळून घ्यायला हवा, कारण दुसऱ्या शेतावर नेल्यावर ते तीन किलो कुणाच्या लक्षात राहणार?