काम असूनही बेकार: गोव्यातील बेरोजगारीची पार्श्वभूमी

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये गोव्यातील बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता आणि देशाचा ३.२ टक्के. २०१७-१८ मध्ये, या सर्वेक्षणाच्या पहिल्याच वर्षी, गोव्याचा आकडा १३.९ टक्क्यांवर होता. बांधकामांवर, ट्रॉलरवर आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत बाहेरून आलेले हजारो लोक ज्या राज्यात राबतात, तिथे हा दर इतका का, हे समजण्यासाठी मुक्तीपूर्व काळापर्यंत मागे जावे लागते.

पोर्तुगीज राजवटीत शिकलेल्या गोमंतकीयाला घराजवळ काम जवळपास नव्हतेच. सासष्टी-बार्देशातील ख्रिस्ती तरुण मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात, 'कूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावाच्या क्लबात उतरत आणि तिथून जहाजावर किंवा पूर्व आफ्रिकेत जात; हिंदू कुटुंबांतील मुले गिरगावात राहून पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत लागत. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन ही त्याच स्थलांतराची खूण होय. गोव्याची बेकारी तेव्हा गोव्यात फारशी दिसत नसे. ती मुंबईत जाऊन जिरत असे.

१९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यानंतर हे चित्र पालटले. १९६२ मध्ये पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालये निघाली, प्रशासनाचा पसारा वाढला, आणि शिकलेल्या पिढीला प्रथमच घरचे जेवून नोकरीवर जाता येऊ लागले. ही नोकरी बहुतांशी सरकारी होती. तिच्याभोवती जी प्रतिष्ठा जमली (लग्न जुळवतानाही तिचे वजन वेगळेच), ती आजतागायत उतरलेली नाही.

न शिकलेल्यांचा आणि थोडे शिकलेल्यांचा आधार खाणी होत्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यात कर्ज काढून ट्रक घ्यायचा आणि मांडवी-जुवारीच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहायचे, हा घरोघरीचा व्यवसाय झाला. त्यावर गॅरेज, खाणावळी आणि बार्जवरचे खलाशी जगत. चीनच्या मागणीमुळे या व्यवसायाला भरती आली असतानाच बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांच्या लीजांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. कंपनीच्या कामगाराचे नाव निदान हजेरीपटावर होते. ट्रकचा हप्ता थकलेला मालक कुठल्याच पटावर नव्हता.

पर्यटनाने ही पोकळी अर्धवटच भरली, कारण त्यातील बरेच काम हंगामी आणि कंत्राटी आहे. मार्च २०२० नंतर तर तेही ठप्प झाले. मोठ्या कारखान्यांचा मार्ग गोव्याने अनेकदा स्वतःच नाकारला. नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याच्या कारखान्याविरुद्धचे आंदोलन असो किंवा २००७ च्या अखेरीस गुंडाळलेले विशेष आर्थिक विभाग असोत, जमीन आणि पाणी जाईल आणि नोकऱ्या मात्र परप्रांतीयांना मिळतील, ही भीती निराधार नव्हती.

उरली सरकारी नोकरीची वाट. मुंबईत खोलीचे भाडे डोक्यावर असलेल्याला मिळेल ते काम धरावे लागते. गोव्यात स्वतःचे घर, आखातातून किंवा बोटीवरून येणारा पैसा आणि एखादी भाड्याची खोली यांच्या जोरावर पदवीधर काही वर्षे थांबू शकतो, आणि सर्वेक्षणात तो बेकार म्हणून मोजला जातो. माझ्या मते गोव्याच्या आकड्यातील मोठा भाग हा थांबण्याचाच आहे. भरती पारदर्शक व्हावी म्हणून २०१९ मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला. तरीही नोकरी देतो म्हणून पैसे उकळल्याच्या प्रकरणांत २०२४ च्या अखेरीस अटका झाल्या.

बाहेरची दारेही आता पूर्वीसारखी उघडी नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टवर अनेक गोमंतकीय इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला, कामासाठी गेले. परंतु २०२१ पासून तिथे नव्याने जाणाऱ्याला केवळ त्या पासपोर्टवर काम करता येत नाही.