ग्राफिक नॉव्हेल वेगळं आणि आर्टिस्ट्स बुक वेगळं, किती वेळा सांगू

परवा एका मित्राने 'कोडेक्स एस्पँग्लिएन्सिस' या आर्टिस्ट्स बुकचे फोटो पाठवले आणि वर विचारतो, ही ग्राफिक नॉव्हेल कुठे मिळेल. त्याचं चुकतं कुठे ते कळतं मला, आत सुपरमॅन आहे, मिकी माऊस आहे, कोलंबसपासून अमेरिकेच्या सीमेवरच्या पोलिसांपर्यंतची गोष्ट आहे, मग कॉमिकच की.

ग्राफिक नॉव्हेल तुम्हाला माहितीये, चौकटी, फुगे, पान उलटा, झालं. तिची पेपरबॅक घ्या नाहीतर हार्डकव्हर, गोष्टीला ढिम्म फरक पडत नाही. आर्टिस्ट्स बुकमध्ये पडतो, कारण तिथे पुस्तक हीच कलाकृती, कागद आणि घडीसुद्धा गोष्ट सांगतात, आणि सगळी गोची इथेच आहे.

हे कोडेक्स (जुन्या हस्तलिखित पुस्तकांना म्हणतात तो शब्द) १९९८ चं, मजकूर गियेर्मो गोमेझ-पेन्याचा, चित्रं एन्रिके चागोयाची, आणि कॅलिफोर्नियात सॅन्टा क्रूझला फेलिशिया राइसने लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाचे ठसे कागदावर दाबून, छापलेलं. अकॉर्डियनसारखी घडी, पूर्ण उघडलं तर २० फुटांच्या वर जातं. पण खरी गंमत कागदात आहे. तो आमाते, म्हणजे झाडाच्या सालीचा, तपकिरी, रेषा दिसतात त्यात. मेक्सिकोत स्पॅनिश येण्याआधी लोक यावर चित्रांची पुस्तकं करायचे, अशीच घडीची. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने माया लोकांची पुस्तकं जाळली, आज माया कोडेक्स उरलीत फक्त चार. आमाते पूजेत वापरतात म्हणून तो बनवण्यावरही स्पॅनिशांनी बंदी आणली, तरी डोंगरातल्या ओतोमी लोकांनी तो टिकवला, पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितो गावात अजून साल उकळून, पट्ट्या फळीवर आडव्याउभ्या मांडून दगडाने ठोकून ठोकून करतात.

आता त्याच कागदावर, त्याच घडीत कोलंबसची गोष्ट छापली म्हटल्यावर एक अक्षर न वाचताही अर्धी गोष्ट तिथेच सांगून झाली ना. २००० साली सिटी लाइट्स या प्रकाशनाने याची साधी आवृत्ती काढली, चित्रं तीच, शब्द तेच, खिशाला परवडणारी, जरूर घ्या. पण तो कागद नाही त्यात, आणि कागद गेला की जाळलेल्या पुस्तकांना दिलेलं उत्तर निम्मं होतं.

बाकी किंमत, प्रतींची संख्या, काचेच्या कपाटात ठेवलंय की नाही, हे सगळं फुटकळ. आणि 'हाताने केलं की आर्टिस्ट्स बुक' हे तर डोक्यातच जातं माझ्या. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराचं १९६३ चं पेट्रोलपंपांच्या फोटोंचं पुस्तक साध्या ऑफसेटवर, म्हणजे नेहमीच्या यंत्रछपाईत, छापलेलं, तरी आर्टिस्ट्स बुक म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. उलट हॅण्डमेड पेपरवर आपल्या कविता छापून वर सुतळी बांधली तर तो कवितासंग्रहच, छान दिसणारा, पण कवितासंग्रहच.

आपल्याकडचं बघायचं तर कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी आठवा. सुटी चित्रं, सांगणारा एकेक पुढे धरतो, गातो, मग पुढचं. तीच चित्रं गुळगुळीत कागदावर छापून जाडजूड पुस्तकात शिवा, चित्रं सगळी मिळतील, पण पुढचं चित्र कधी दाखवायचं हे ठरवणारा हात त्यात कुठून आणणार?