अ‍ॅक्टिऑनचे पिसाळलेले कुत्रे

ग्रीक पुराणकथेत थीब्जच्या राजा कॅडमसचा नातू अ‍ॅक्टिऑन हा पट्टीचा शिकारी. किथेरॉन डोंगरात त्याने आर्टेमिस देवीला स्नान करताना पाहिलं. देवीने रागाने त्याचं हरिण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. गोष्ट सांगणारे हरणावरच रेंगाळतात; मला मात्र ते कुत्रे जास्त महत्त्वाचे वाटतात.

अपोलोडोरसच्या नावावरच्या प्राचीन ग्रीक कथासंग्रहात देवी आणखी एक काम करते: त्याचे 50 कुत्रे पिसाळवते. या पिसाळण्याची ग्रीकांकडे एक देवताच होती, लिसा. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात इ.स.पू. 440च्या सुमाराचं एक भांडं आहे. त्यावर लिसा डोक्यावर कुत्र्याचं मुंडकं मिरवत कुत्र्यांना चिथावते आहे. अ‍ॅक्टिऑनला शिंगं फुटलीत, पण अंग अजून माणसाचंच. म्हणजे कुत्र्यांसमोर त्यांचा मालकच उभा आहे, तरी ते चावताहेत. या चित्रकाराने पिसाळलेला कुत्रा जवळून पाहिला असावा.

रेबीजचा विषाणू ज्या गटात मोडतो त्याला आज लिसाव्हायरस म्हणतात. लाळेतून तो जखमेत उतरतो आणि रक्ताऐवजी मज्जातंतूंच्या वाटेने, सावकाश, मेंदूकडे सरकतो. चावा तोंडाजवळ असेल तर वाट जवळची, पायाला असेल तर लांबची. मेंदूत पोचल्यावर तो लाळग्रंथींत उतरतो, आणि साधारण त्याच सुमारास कुत्र्याचा स्वभाव बिघडतो. घसा आवळल्यामुळे लाळ गिळली जात नाही, तोंडातच साठते. विषाणूला पुढचं शरीर गाठायला याहून सोयीचं काय हवं?

माणसात लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने जातात. हा रोग माणसाला होत नाही, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. एवढ्या उशिरामुळेच त्याला चावा आणि मृत्यू यांचा संबंध जुळवता आला नसेल कदाचित. पाश्चरने 1885मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर लस टोचली, ती याच सवडीच्या भरवशावर.

मिथकात पुढे कुत्रे शुद्धीवर येतात, मालकाला शोधत विव्हळतात. शेवटी अ‍ॅक्टिऑनला वाढवणारा, अर्धा माणूस अर्धा घोडा असलेला कायरॉन त्यांना अ‍ॅक्टिऑनचा पुतळा करून देतो. हे मात्र वैद्यकाला धरून नाही. पिसाळलेला कुत्रा सहसा दहा दिवसांत मरतो. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. अर्थात तोवर थांबायचं नाही: जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची.