प्रीएक्लॅम्प्सियानंतरचे हृदयारोग्य

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जगात दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दोन ते आठांत ती उद्भवते. बोलीभाषेत ‘दिवस असताना बीपी वाढलं होतं’ एवढेच सांगितले जाते. वार पडली, सूज उतरली, गोळ्या बंद झाल्या की आजार संपला असे घरचे धरून चालतात. पण अशा स्त्रीला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतर स्त्रियांपेक्षा जास्त राहतो.

आजाराचे मूळ वारेत आहे. गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्या गरोदरपणात रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कमी पडते आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिने सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे नाजूक आतील अस्तर दुखावते. वार निघून गेल्यावर ही प्रथिने ओसरतात, अस्तराची हानी मात्र पूर्ण भरून येतेच असे नाही. काही स्त्रियांत रक्तवाहिन्यांचा दुबळेपणा आधीपासून असतो आणि गरोदरपणाच्या ताणात तो प्रथमच उघडा पडतो. जखम आधीची की नंतरची, हा वाद अजून मिटलेला नाही. बहुधा दोन्ही खरे असावे.

एकेकाळी वैद्यकाचे मत नेमके उलट होते. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे लिओन चेस्ली या संशोधकाने १९३१ ते १९५१ या काळात एक्लॅम्प्सियातून, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया बळावून झटके येऊनही, बचावलेल्या २७० स्त्रियांचा अनेक दशके माग ठेवला. पहिल्याच खेपेला झटके आलेल्या स्त्रियांना पुढे विशेष धोका नसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी हाती आल्या आणि चित्र पालटले. २००७ मध्ये सुमारे ३५ लाख स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्यांत पुढे उच्च रक्तदाबाचे प्रमाण जवळपास पावणेचार पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे दुप्पट आढळले. पक्षाघाताचेही प्रमाण पावणेदोन पटींहून अधिक होते. २०१७ च्या अशाच एका अभ्यासात हृदय निकामी होण्याचा धोका चौपट दिसला. आजार लवकर सुरू होऊन बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले असेल किंवा दोन गरोदरपणांत तो उलटला असेल, तर धोका आणखी वाढतो.

हे आकडे वाचून तिशीतल्या आईने धास्तावू नये. त्या वयात मुळातला धोका फार कमी असतो, दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. रक्तदाबाचे मात्र तसे नाही. तो काही वर्षांतच चढू लागतो, आणि डोके न दुखता, चक्कर न येता चढतो.

सर्वांत दुर्लक्षित काळ बाळंतपणानंतरचा. रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक असू शकतो. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते. बाळाची मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यांच्या गडबडीत आईच्या दंडाला पट्टा बांधायचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सहा आठवड्यांच्या आत जोराची डोकेदुखी, नजर धूसर होणे, बरगडीखाली दुखणे किंवा आडवे झाल्यावर दम लागणे, यांतले काहीही झाले तर ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑक्सफर्डमधील २०२३ च्या एका चाचणीत २२० स्त्रिया होत्या. त्यांतील ज्यांनी प्रसूतीनंतर घरीच रक्तदाब मोजला आणि त्यानुसार डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा ठरवली, त्यांचा खालचा रक्तदाब नऊ महिन्यांनीही इतरांपेक्षा सरासरी सुमारे सहा अंकांनी कमी होता. प्रसूतीला बारा आठवडे होऊनही रक्तदाब चढाच राहिला तर तो कायमचा उच्च रक्तदाब समजून उपचार करतात. पुढे वर्षातून एकदा तरी रक्तदाब, आणि ठरावीक काळाने साखर, कोलेस्टेरॉल व लघवीतील प्रथिने तपासावीत. ईसीजी चांगला आला म्हणून या तपासण्या टाळता येत नाहीत.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत बीपी-साखरेची नियमित तपासणी तिशीपासून सुरू होते. बाविसाव्या वर्षी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या मुलीला म्हणजे आठ वर्षे थांबावे लागते. आशाताई भरून घेतात त्या ‘सीबॅक’ या आरोग्य-धोक्याच्या पत्रकात गुण वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार यांवर मिळतात. गरोदरपणातल्या बीपीला त्यात एकही गुण नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने २०११ मध्येच हा इतिहास धोक्याच्या घटकांत धरला. म्हणून बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे, आणि चाळिशी-पन्नाशीत कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर, न विचारताही, ते दाखवावे.

पुढच्या खेपेला आजार उलटण्याची शक्यता साधारण सातात एक असते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना हा इतिहास सांगावा, कारण ॲस्पिरिनची छोटी मात्रा सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तरच तिचा पुरता उपयोग होतो. बाळंतपणानंतर एनालॅप्रिल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती स्तनपानात चालते, गर्भाला मात्र घातक आहे. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होताच गोळी बदलून घ्यावी. रक्तदाब चढा असलेल्या स्त्रीने पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत. तिच्यासाठी तांबी अधिक सुरक्षित.