टूल मुद्दाम थरथरवण्याची कल्पना आली कुठून?

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर, कापणारं टूल थरथरणं हा मुळात दोष. जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर, लाटा उमटतात, धार उडते, कानाला त्रास होतो तो वेगळाच. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी धातुकर्तनावरच्या 1907 च्या प्रबंधात या थरथरीची, म्हणजे चॅटरची, गणना मशिनिस्टपुढच्या सर्वांत गूढ प्रश्नांत केली होती. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये संशोधक जुनइचिरो कुमाबे यांनी टूलला मुद्दाम कंपनं द्यायला सुरुवात केली, याचं नवल वाटतं. सोव्हिएत संशोधकही 1960 च्या सुमारास याच वाटेवर होते.

फरक कंपनांवरच्या ताब्याचा आहे. चॅटर आपोआप सुरू होतो आणि वाढत जातो. इथे मात्र वारंवारता आणि झोका (टूल मधल्या जागेपासून किती सरकतं ते) दोन्ही आपण ठरवतो. साध्या कटिंगमध्ये चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, टूलच्या रेक फेसवर (ती ज्यावरून सरकते त्या पृष्ठभागावर) इतक्या दाबाने घासत जाते की धारेपाशी कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, पोचतच नाही. टूल कटिंगच्या दिशेत मागेपुढे हललं, तर प्रत्येक फेऱ्यात ते क्षणभर चिपपासून सुटतं. त्या फटीत कूलंट शिरतं, घर्षण घटतं, सरासरी बल उतरतं.

अट एकच, पण कडक: टूलचा मागे येण्याचा कमाल वेग कटिंग स्पीडपेक्षा जास्त हवा. 20 किलोहर्ट्झ, म्हणजे अल्ट्रासॉनिक वारंवारता, आणि 10 मायक्रॉनचा झोका धरला, तर हा वेग मिनिटाला सुमारे 75 मीटर येतो. कार्बाइड या कठीण पदार्थाच्या टूलने पोलाद याच्या कितीतरी पुढच्या स्पीडला कापलं जातं. तिथे टूल सुटतच नाही आणि बराचसा फायदा जातो. माझ्या मते, हे तंत्र सरसकट शॉपफ्लोअरवर आलं नाही त्याचं मोठं कारण हेच.

तग धरला तो अतिसूक्ष्म कामांत. हिऱ्याच्या टूलने पोलाद कापायला गेलं की हिऱ्यातला कार्बन लोखंडात जिरतो आणि धार भराभर झिजते. कंपनांमुळे संपर्काचा वेळ तुटक झाला आणि हे काम जमू लागलं. 1994 मध्ये शामोतो आणि मोरिवाकी या जपानी संशोधकांनी टूलला लंबवर्तुळाकार फिरवलं. त्यात टूल वर जाताना चिपपेक्षा वेगाने सरकतं, म्हणजे घर्षण उलटं होऊन चिपला ओढून बाहेर काढतं.

या तंत्राच्या ऊर्जाबचतीचे आकडे वाचताना मात्र कंपनं देणारा अल्ट्रासॉनिक जनरेटर किती वीज खातो, हे त्यात धरलंय का तेवढं पाहावं. बऱ्याचदा मोजलेलं असतं ते फक्त कटिंगचं बल, आणि तेही सरासरी.