बेलफास्टमध्ये एकाच टेबलावर : मैफलीचा परवाना आणि भाड्याची खोली

बेलफास्ट ही उत्तर आयर्लंडची राजधानी. तिथल्या सिटी कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, परवाना समितीची कार्यक्रमपत्रिका पहिल्यांदा वाचणारा माणूस चक्रावतो. एका विषयात ऑर्मो पार्कातल्या उन्हाळी मैफलींचा आवाज कितीपर्यंत चालेल याची चर्चा. त्याच्या पुढच्याच विषयात एखाद्या चिंचोळ्या विटांच्या घरात पाच भाडेकरू ठेवायला मालकाला परवानगी द्यायची की नाही याची. नगरसेवक तेच, टेबल तेच, हरकतीची मुदतही दोन्हीकडे अठ्ठावीस दिवसांची. हजारोंच्या गर्दीचा जलसा आणि पाच पोरांचं बिऱ्हाड एकाच समितीपुढे का यावं, हे नुसते कायदे वाचून उमगत नाही. त्यासाठी उत्तर आयर्लंडच्या नगरपालिकांच्या हातून काय काढून घेतलं गेलं आणि त्यातलं काय परत आलं, ते पाहावं लागतं.

आधी दोन्ही परवाने म्हणजे काय ते सांगतो. करमणुकीचा परवाना १९८५ च्या एका आदेशाखाली मिळतो. नाटक, नाच, गाणं, सर्कस, मुष्टियुद्ध, कुस्ती, कराटे हे सगळं त्यात येतंच. पण बिलियर्ड्स, स्नूकर आणि भिंतीवरच्या चकतीवर बाण मारण्याचा डार्ट्सचा खेळसुद्धा येतो. दुसरा परवाना ‘एचएमओ’चा, म्हणजे आपसात नातं नसलेल्या तीन किंवा अधिक माणसांनी मिळून राहायच्या घराचा. पुण्यात चार पोरं मिळून टू-बीएचके घेतात तशी घरं. तिथे कौन्सिलच्या परवान्याशिवाय असं घर भाड्याने देणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा मालकाला होते.

दारूचा परवाना मात्र या टेबलावर येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या कायद्याने, २००५ च्या नोव्हेंबरपासून, दारू आणि करमणूक दोन्ही कौन्सिलच्या एकाच परवान्यात आली. उत्तर आयर्लंडमध्ये पबचा परवाना आजही काउंटी कोर्ट देतं. नवा पब काढायचा तर एखादा जुना परवाना विकत घेऊन तो जमा करावा लागतो, ही रीत १९०२ च्या कायद्यापासूनची. म्हणजे एकाच इमारतीत बिअर ओतायची परवानगी न्यायाधीश देणार आणि कोपऱ्यात गिटार वाजवायची परवानगी नगरसेवक देणार. विचित्र वाटतं खरं. पण तिथे कुठलाच अधिकार कुणा एकाच्या हाती सुखासुखी राहिलेला नाही.

याचं मूळ घराच्या प्रश्नात आहे.

१९६८ च्या जून महिन्यात टायरोन परगण्यातल्या कॅलेडन या खेड्यात कौन्सिलचं एक नवं घर एकोणीस वर्षांच्या एका अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. ती युनियनिस्ट पक्षाशी, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंटांच्या सत्ताधारी पक्षाशी संबंधित एका स्थानिक पुढाऱ्याकडे कामाला होती. मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं घराची वाट पाहत ताटकळत होती. ऑस्टिन करी हे स्टॉरमाँटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, विधिमंडळातले तरुण नॅशनलिस्ट आमदार; नॅशनलिस्ट म्हणजे एकसंध आयर्लंड हवं असणारे, मुख्यतः कॅथलिक. ते २० जूनला दोन साथीदारांसह त्या घरात शिरून बसले. पोलिसांनी काही तासांत त्यांना बाहेर काढलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन हा पहिला नागरी हक्क मोर्चा निघाला आणि ऑक्टोबरच्या ५ तारखेला डेरीच्या रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या चालल्या. पुढची तीस वर्षं बॉम्ब आणि हत्यांचा जो संघर्ष चालला तो जगाला ठाऊक आहे. ठिणगी पडली ती सरकारी घराच्या वाटपावरून.

घराला एवढं मोल का, तर घर म्हणजे मत होतं. कौन्सिलच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क घराचा कर भरणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला असे. आईबापांच्या घरात राहणारी मोठी मुलं, पोटभाडेकरू, खोली घेऊन राहणारे यांना मत नव्हतं. व्यापारी कंपन्यांना मात्र जादा मतं. कॅथलिक कुटुंबाला घर देणं म्हणजे विरोधी पक्षाला दोन मतं देणं, असा तो सरळ हिशेब होता. डेरीत कॅथलिकांची लोकसंख्या जास्त असूनही वॉर्डांच्या हद्दी अशा आखल्या होत्या की सत्ता युनियनिस्टांकडेच राहावी. ‘एक माणूस, एक मत’ ही घोषणा आपल्याला फार प्राथमिक वाटेल, पण तिथल्या खोलीकऱ्यांच्या बाबतीत ती अक्षरशः मागणी होती. हा मतदानाचा नियम १९६९ मध्ये गेला.

मग सरकारने दुखणं मुळापासूनच काढायचं ठरवलं. १९७१ मध्ये नॉर्दर्न आयर्लंड हाउसिंग एक्झिक्युटिव्ह स्थापन झालं आणि घरं बांधण्याचं, वाटण्याचं काम कौन्सिलांकडून काढून घेतलं गेलं. १९७३ मध्ये सगळ्या जुन्या कौन्सिला मोडून सव्वीस नव्या केल्या. त्यांच्याकडे उरलं काय? कचरा, दफनभूमी, बागा आणि पोहण्याचे तलाव. नियोजन, रस्ते, शिक्षण सगळं गेलं. एखाद्या घरातल्या भांडखोर भावांकडून तिजोरीची किल्ली काढून घ्यावी आणि अंगण झाडायला सांगावं, तसा तो प्रकार. माझ्या मते तो त्या वेळी बरोबरच होता.

अंगणासोबत करमणुकीचा परवानाही त्यांच्याकडे राहिला. तो हलका समजला गेला, पण त्या काळात तो हलका नव्हता. सत्तरच्या दशकात बेलफास्टच्या मध्यभागाभोवती लोखंडी फाटकं होती, खरेदीला जाणाऱ्याची झडती होई आणि संध्याकाळ झाली की तो भाग ओस पडे. लोक जमतात तिथे बॉम्ब फुटे. १९७८ च्या फेब्रुवारीत शहराबाहेरच्या ला मॉन हॉटेलात बारा माणसं जळून मेली. दक्षिणेत डब्लिनला १९८१ मध्ये व्हॅलेंटाइनच्या रात्री स्टारडस्ट नावाच्या नाचघराला आग लागली आणि अठ्ठेचाळीस तरुण गेले. बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, अडवलेले होते. त्या सगळ्यांचा मृत्यू बेकायदा ठरवणारा ज्युरीचा निर्णय यायला २०२४ उजाडलं. १९८५ चा आदेश याच पिढीतला. परवान्याच्या अर्जाची सूचना पोलिसांना आणि अग्निशमन दलाला द्यावीच लागते. किती माणसं आत घ्यायची, दारं कुठे उघडतात, याला त्या कागदावर गाण्यापेक्षा जास्त जागा आहे.

पण नगरसेवकांच्या हाती मंच दिला की त्यांना धर्म आणि नीती आठवते, हेही खरं. २०१४ च्या जानेवारीत न्यूटाउनॲबी कौन्सिलच्या नाट्यगृहात बायबलवरचं एक विनोदी नाटक व्हायचं होतं. काही नगरसेवकांच्या भावना दुखावल्या आणि प्रयोग रद्द झाला. तो परवान्याचा मामला नव्हता, नाट्यगृह कौन्सिलचंच होतं. देशभर हसं झाल्यावर आठवडाभरातच निर्णय फिरला आणि प्रयोग झाले. नाटकं बंद पाडण्याची हौस मराठी वाचकाला काही नवी नाही.

बेलफास्टच्या परवाना समितीत असे प्रकार सहसा होत नाहीत, कारण तिथे भाषा आकड्यांची आहे. १९९५ मध्ये ब्रिटनच्या नॉइज कौन्सिलने उघड्यावरच्या मैफलींसाठी एक नियमावली काढली. शहरातल्या स्टेडियमवर वर्षातून तीनपर्यंत कार्यक्रम असतील तर जवळच्या घरापाशी पंधरा मिनिटांची सरासरी ७५ डेसिबल, इतर ठिकाणच्या मैफलींना ६५. मैफलींच्या परवान्यात असे आकडे येतात आणि शेजारच्या गल्लीत यंत्र घेऊन उभा राहिलेला माणूस ते मोजतो. कुठल्या बँडची गाणी कुणाला आवडतात, हा प्रश्न टेबलावर येतच नाही.

आता घराकडे वळू. क्वीन्स विद्यापीठाच्या पलीकडे ‘होलीलँड’ म्हणून वस्ती आहे. जेरुसलेम स्ट्रीट, पॅलेस्टाइन स्ट्रीट, दमास्कस स्ट्रीट, कैरो स्ट्रीट अशी तिथल्या गल्ल्यांची नावं. कामगार आणि कारकुनांसाठी बांधलेली ही लांबच लांब चाळवजा घरं, भिंतीला भिंत लागलेली. विद्यापीठ वाढलं, विद्यार्थी आले, आणि मालकांच्या लक्षात आलं की एका कुटुंबाच्या भाड्यापेक्षा पाच विद्यार्थ्यांचं भाडं कितीतरी जास्त. जुनी कुटुंबं हळूहळू उठून गेली. २००९ च्या सेंट पॅट्रिक दिनाला, म्हणजे १७ मार्चच्या आयरिश सणाला, इथे दंगल झाली, पोलिसांवर बाटल्या आल्या. त्यानंतर दर १७ मार्चला या गल्ल्यांत पोलीस, कौन्सिलचे कर्मचारी आणि विद्यापीठाची माणसं जातीने हजर असतात.

अशा घरांची नोंदणी तेव्हा हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे होती. २०१५ मध्ये सव्वीसच्या अकरा मोठ्या कौन्सिला झाल्या आणि नियोजनाचा अधिकार चार दशकांनी त्यांच्याकडे परत आला. २०१६ मध्ये एचएमओचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१९ पासून सामायिक घरांचे परवाने कौन्सिलांकडे आले. रोजचं काम अकराही कौन्सिलांच्या वतीने बेलफास्टचाच विभाग पाहतो. ज्या नगरसेवकांच्या हातून ‘कुणी कुठे राहायचं’ हा प्रश्न १९७१ मध्ये काढून घेतला होता, त्यांच्याकडे त्याचा एक कोपरा परत आला, तो असा.

परवान्याच्या अटी अगदी घरगुती आहेत. खोलीचं दार आपोआप मिटणारं आणि आग काही काळ थोपवणारं हवं. बाहेर पडायच्या दाराचं कुलूप आतून किल्लीशिवाय, नुसत्या अंगठ्याने फिरवून उघडलं पाहिजे. धुरात किल्ली सापडत नाही, एवढंच त्यामागचं कारण. स्कॉटलंडमध्ये १९९९ साली ग्लासगोच्या एका तळघरातल्या फ्लॅटला आग लागली. खिडकीला गज होते, आणि दोन विद्यार्थी आतच अडकून मेले. तिथे पुढच्याच वर्षी परवाना सक्तीचा झाला. आपल्याकडे खिडकीचे गज म्हणजे सुरक्षितता. बेलफास्टला खोली पाहायला गेलेल्या मराठी मुलामुलींनी ही नजर थोडी बदलून जावी.

खरा वाद मात्र कुलपांचा नसतो. २०१६ चा कायदा कौन्सिलला विचारायला लावतो की या भागात अशी घरं आधीच गरजेपेक्षा जास्त झालीत का. शहर नियोजनाच्या जुन्या आराखड्यात एकूण घरांपैकी अशी घरं ठरावीक पट्ट्यांत तीस टक्के आणि बाहेर दहा टक्के अशी मर्यादा होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नव्या आराखड्यात पट्ट्यांतली मर्यादा वीस टक्के झाली. होलीलँडसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रमाण या मर्यादेच्या कुठल्या कुठे वर आहे. तिथे नव्या परवान्याला जागा जवळजवळ नाहीच. जुना मालक वेळेत नूतनीकरण करत राहिला तर प्रश्न येत नाही. एकदा मुदत चुकली की अर्ज नवा धरला जातो, आणि वर्षानुवर्षं विद्यार्थी राहिलेलं घर एका तारखेमुळे ‘नवं’ होतं. घर विकलं तर परवाना नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. व्यवहार पुरा होण्याआधी त्याने स्वतः अर्ज केला नसेल तर परवाना त्याच दिवशी संपतो. यात हात पोळलेले मालक समितीपुढे उभे राहून वकिलाची चूक, बँकेचा उशीर अशी कारणं सांगतात. शेजारी उलट बाजूने कचऱ्याचे डबे, पार्किंग आणि पहाटे तीनची गाणी सांगतात. समितीने नाकारलं तर काउंटी कोर्ट आहेच.

मला स्वतःला ही टक्केवारी थोडी भित्री वाटते. अमुक गल्लीत विद्यार्थी नकोत असं म्हणायचं धाडस कुणी करत नाही. टक्के पुढे केले जातात. पण ज्या गावात ‘अमुक गल्लीत अमुक लोक नकोत’ हे वाक्य एकेकाळी उघड बोललं जाई आणि त्याची किंमत माणसांनी मोजली, तिथे आकड्यामागे दडणं समजण्यासारखं आहे. आकड्याला निदान धर्म नसतो.

आणि नकाशा पाहिला तर एकाच टेबलाचंही नवल वाटत नाही. होलीलँडच्या एका बाजूला बोटॅनिक गार्डन्स आहे, जिथे २००७ पासून बेलफास्ट मेळा भरत आलाय, ढोल वाजलाय. दुसऱ्या बाजूला लगान नदी ओलांडली की ऑर्मो पार्क, जिथे २०१७ पासून बेलसॉनिक या संगीत महोत्सवाच्या मैफली होतात. जूनमध्ये तिथे दहा वाजता अजून उजेड असतो. जेरुसलेम स्ट्रीटवरच्या घरात, पाच जणांच्या परवान्यातला पाचवा विद्यार्थी वरच्या मजल्याची खिडकी उघडतो तेव्हा नदीपलीकडच्या मैफलीतला बास गिटारचा घुमणारा आवाज त्याला ऐकू येतो. त्याच्या शेजारच्या घरातल्या म्हातारीलाही येतो, आणि तिने दोन्हीवर हरकत घेतलेली असू शकते.